वार खाली

आमच्या प्रसूतिगृहात करवतबाईंबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला एकवीस वर्षांत भेटलेला नाही, आणि मीही त्यासाठी बसलेलो नाही. बाईंचं खरं नाव हजेरीपटात आहे, पण ते कोणी घेत नाही. त्या आमच्या मुख्य परिचारिका. समोर सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणतात आणि त्या वळल्या की 'करवत'. हे त्यांना माहीत आहे. एकदा एका आयाने जिन्यात ते नाव उच्चारलं, तेव्हा बाई तिच्या मागेच उभ्या होत्या.

"करवत नाही गं," त्या म्हणाल्या, "करवत जातानाही कापते आणि येतानाही. मी फक्त येताना कापते. जाताना मला वेळ नसतो."

अंगाने काटकुळ्या, उंचीने माझ्या खिडकीच्या गजांच्या निम्म्यापर्यंत. रबरी तळाच्या बुटांमुळे पाऊल वाजत नाही, त्यामुळे त्या आल्याचं कळतं ते थेट आवाजावरूनच. छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, खिशात दोन पेनं. निळं डॉक्टरांसाठी, लाल आमच्यासाठी. नव्या बाळंतिणीला त्या सांगत, "रडायचंय? पाच मिनिटं रड, मग पाजायला घे." नवऱ्यांना तर त्या माणसात धरतच नसत. "पिशवी इथे ठेवा आणि स्वतः बाहेर उभे राहा," यापलीकडे एकाही नवऱ्याशी त्यांचं बोलणं झालेलं मी ऐकलेलं नाही.

घरी त्या आणि त्यांची वहिनी, दोघीच. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. दोन खोल्या, एक ओटा. एकदा एक तातडीचा कागद सहीला घेऊन मी गेलो होतो, तर ओट्यावर मधोमध खडूची रेघ.

"रेघेपलीकडची पातेली तिची," बाई म्हणाल्या.

"आणि अलीकडचा आरडाओरडा यांचा," आतून वहिनींचा आवाज आला.

दोघींपैकी एकीनेही मला बसा म्हटलं नाही. पण त्याच वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा बाईंनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सलग तीन आठवड्यांची रजा टाकली. पुढचं सगळं त्या तीन आठवड्यांत घडलं म्हणून हे सांगतो.

माझी बैठक तळमजल्यावर, नोंदणीच्या खिडकीत. उजवीकडे वजनकाटा आणि बायकांचे बाक, डावीकडे तपासणीची खोली. खोलीची आणि माझी भिंत म्हणजे प्लायवूड, तेही छतापर्यंत न पोचलेलं. पलीकडचं सगळं ऐकू येतं. कार्डं माझ्या ताब्यात. प्रत्येक गरोदर बाईचं एक पिवळं कार्ड, त्यावर छापील रकाने: नाव, वय, पत्ता, महिना, वजन, रक्तदाब आणि सगळ्यात शेवटी 'वार', म्हणजे पुढच्या तपासणीला कुठल्या वारी यायचं ते. सोमवार साध्या बायकांचा, गुरुवार जोखमीच्या बायकांचा. गुरुवारी मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः येतात.

त्या वर्षी वरून तपासणीचं पथक आलं आणि कार्डांतल्या कोऱ्या रकान्यांवरून बाईंना लेखी ताशेरे देऊन गेलं. रकाने भरायचे मी आणि ताशेरे बाईंना. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक कार्ड चाळायच्या, समासात लाल शाईने शेरा मारायच्या आणि गठ्ठा माझ्या खिडकीत आपटायच्या. 'वय खाली.' 'पत्ता खाली.' 'वजन खाली.' खाली म्हणजे रिकामं. मी तो रकाना भरायचो, शेऱ्यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारायचो आणि कार्ड कपाटात लावायचो. दिवसाला दहा-बारा शेरे तरी असायचेच.

"ओ रकाने," बाई मला सगळ्यांदेखत हाक मारायच्या, "कॉमर्समध्ये काय शिकवलं तुम्हाला? गाळलेल्या जागा सोडायला?"

"भरायला," मी म्हणायचो. "बायका घाईत असतात, सांगायचं विसरतात."

"आणि तुम्ही विचारायचं विसरता. मी बरी नाही विसरत?"

हे मात्र खरं होतं. बाईंना नावं आठवत नसत, पोटं आठवत. 'ती पायाळू', 'ती जुळी', 'ती साखरवाली' अशी त्यांची यादी डोक्यात तयार असायची.

काजवालीचं कार्डही त्याच काळात माझ्याकडे आलं. ती एका तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायची, म्हणून बाकावरच्या बायकांनी तिला ते नाव दिलेलं. नवरा मालाचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. बरोबर कायम सासू. सासूच्या हातात एक कापडी पिशवी आणि पिशवीत सगळे कागद, घड्या घातलेले. माझ्यासारखीच टापटिपीची बाई. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात काजवालीचं पोट पडलं होतं आणि पिशवी साफ करावी लागली होती. ही दुसरी खेप, आणि सातवा महिना संपत आलेला.

त्या दिवशी बाहेरून सोनोग्राफीचा अहवाल घेऊन दोघी आल्या तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. बाईंनीच अहवाल वाचला. त्यांचं बोलणं मी ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी वरच्या मजल्यावर कोऱ्या कार्डांची मागणी नोंदवायला गेलो होतो. ते बोलणं मला नंतर काजवालीने शब्दाशब्दाने सांगितलं.

"दुखतं काही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"अंगावरून रक्त?"

"नाही."

"मग खुशीत असशील."

"होते," काजवाली म्हणाली, "तुमचा चेहरा बघेपर्यंत."

"जीभ आहे तर तुला. चांगलंय, लागेल. ऐक आता. वार माहितीये? बाळाला पोसणारा गोळा. तो वरती, पिशवीच्या छताशी असायला हवा. तुझी वार खाली आहे. पिशवीच्या तोंडावर, दारात आडवी बसल्यासारखी. बाळाला बाहेर यायला वाटच नाही. पुढे पुढे ते तोंड जरासं जरी उघडलं, तरी वार तिथून सुटणार आणि रक्त जाणार. दुखणार नाही अजिबात. दुखत नाही म्हणून बायका घरी बसून राहतात आणि मरतात. पोटातल्यासकट."

सासू मध्ये पडली. "वर सरकते म्हणतात ती."

"पाचव्या महिन्यात म्हटलं असतंत तर मीही हो म्हटलं असतं. आता हिची पूर्ण तोंड झाकून बसलीये. ही नाही सरकत. ऑपरेशनच करावं लागेल, तेही दिवस भरायच्या आधी, रक्ताच्या पिशव्या हाताशी ठेवून. तोवर गठ्ठे उचलायचे नाहीत, बादली उचलायची नाही, कामावर जायचं नाही. नवरा आला की वेगळा झोपेल."

"काही लाजलज्जा?" सासू म्हणाली.

"ती मी घरी ठेवून येते. आणि तू गं, आतून कोणालाही तपासू द्यायचं नाही. कोणालाही. रक्ताचा एक थेंब दिसला तर त्या पावली इथे यायचं. येत्या गुरुवारी मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर ये."

अहवालाची घडी सासूने पिशवीत घातली. बाईंनी लाल पेन काढलं, कार्डाच्या समासात दोन शब्द लिहिले, आणि कार्ड इतर कार्डांबरोबर माझ्या खिडकीत आपटून त्या वहिनींच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या.

मी खाली आलो तेव्हा खिडकीत अकरा कार्डं होती. 'वय खाली.' वय भरलं, रेघ मारली. 'वजन खाली.' वजन शोधून भरलं, रेघ मारली. सहाव्या कार्डावर शेरा होता: 'वार खाली.' पाहिलं, तर 'वार' हा शेवटचा रकाना खरंच कोरा होता. बाकी कार्डात जोखमीचं काही नोंदलेलं नव्हतं. रक्तदाब बरा, वजन बरं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोमवार'. शेऱ्यावर पट्टी ठेवली, रेघ मारली. सातवं कार्ड घेतलं.

त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही. वाटलं असेल तर एवढंच, की जाता जाताही बाईने डोकं खाल्लं.

दोन दिवसांनी सासू खिडकीशी येऊन कार्डावरचा वार बघून गेली. कार्डावर सोमवार. गुरुवारचं म्हणाल्या होत्या ना त्या, असं काजवालीने घरी विचारलं, तर सासू म्हणाली, "त्या बोलतात ते धरायचं की कार्डावर लिहिलंय ते?" सोमवारी बाईंच्या जागी काम करणाऱ्या परिचारिकेने कार्ड पाहिलं. समासात एक खोडलेला शेरा, बाकी सगळं नीट. तिने सांगितलं, कार्ड साफ आहे, काळजीचं काही नाही. अहवाल कुठाय म्हणून विचारलं तर तो सासूने घरच्या कपाटात 'नीट' ठेवला होता. त्याच आठवड्यात काजवाली पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

बाई रजेवरून परतल्या त्या सोमवारची गोष्ट. सकाळचे अकरा. बाकावर बायकांची गर्दी. काजवाली सासूचा हात धरून आली आणि वजनकाट्याकडे न जाता सरळ भिंतीला टेकून उभी राहिली. तोंड पांढरंफटक.

"कारखान्यात थोडं अंगावरून गेलं," सासू मला म्हणाली. "दुखत-बिखत काही नाही. हिला उगाच घाबरायची सवय."

त्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे एक बदली डॉक्टर आले होते. माणूस वाईट नव्हता. पटपट काम करायचे आणि आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी कार्ड पाहिलं, मागून-पुढून पाहिलं, आणि तिला तपासणीच्या टेबलावर घ्यायला सांगितलं. हातमोजे चढवल्याचा रबरी आवाज मला प्लायवूडपलीकडून आला.

"आतून बघायचं नाही म्हणाल्या होत्या," काजवालीचा आवाज.

"कोण म्हणालं होतं?"

"त्या सिस्टर. बारीकशा."

"त्या सगळ्यांवरच ओरडतात, डॉक्टर," सासू म्हणाली. "तुम्ही बघा."

"कार्डावर तर तसं काहीच नाही. घाबरू नका, एक मिनिट लागेल. गुडघे वर घ्या."

मला पाऊल ऐकू आलं नाही. एकदम बाईंचा आवाजच आला, आणि इतका चढलेला, की बाकावरच्या सगळ्या बायका गप्प झाल्या.

"हात काढा!"

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा काम सोडून त्या दारात जाऊन उभा राहिलो. बाईंनी डॉक्टरांचं मनगट धरलं होतं. दोन्ही हातांनी.

"सिस्टर, तुम्ही कोणाशी बोलताय?" डॉक्टर म्हणाले.

"हातमोजा घातलेल्या माणसाशी. ही वार खाली असलेली. पूर्ण तोंडावर. बोट घालाल तर वारेत जाईल."

"कार्डावर नाही तसं."

"मी लिहिलंय."

"मी वाचलंय ना कार्ड! तुम्ही आजच रजेवरून आलात. माझ्या पेशंटपासून बाजूला व्हा, नाहीतर मला लेखी द्यावं लागेल."

"द्या. सुवाच्य लिहा. पण आधी हात काढा." बाई टेबल आणि डॉक्टर यांच्या मध्ये शिरल्या. त्यांचं डोकं डॉक्टरांच्या खिशाशी येत होतं. "शिकाऊ होते तेव्हा पाहिलंय मी हे. असाच भला माणूस होता. म्हणाला, एक मिनिट लागेल. त्या बाईला मिनिटसुद्धा लागलं नाही."

सासू किंचाळली, "अहो, पोरीसमोर काय बोलताय! डॉक्टर, या बाईला बाहेर काढा आधी!"

"कार्ड," बाई म्हणाल्या. "कार्ड आणा."

कार्ड ट्रेमध्ये होतं. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. पट्टीने मारलेल्या माझ्या निळ्या रेघेखाली लाल अक्षरं स्पष्ट दिसत होती. वार खाली. बाईंनी कार्ड आधी डॉक्टरांसमोर धरलं, मग त्यांची नजर रकान्यावर गेली, मग दारात उभ्या असलेल्या माझ्यावर.

"हे कोणी खोडलं?"

"वार खाली होता," मी म्हणालो. "मी भरला ना. सोमवार."

डॉक्टरांनी शेरा वाचला, रकाना वाचला, आणि एक-एक करून दोन्ही हातमोजे काढले. सासूने विचारलं, "काय झालं? कोणी सांगेल का?" तेवढ्यात काजवाली म्हणाली, "सिस्टर, ओलं लागतंय."

टेबलावरची पांढरी चादर बघता बघता कडेपर्यंत लाल झाली. लालभडक, ताजं रक्त. ती ओरडली नाही, कण्हली नाही. दुखतच नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरांनी एक शब्दही वाया घालवला नाही. दोन्ही हातांना सलाईन, रक्ताच्या पिशव्यांसाठी फोन, मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन, ऑपरेशन थिएटर उघडायचा निरोप. बाई तिच्या पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकत होत्या आणि मान न उचलता हुकूम सोडत होत्या. "रकाने, दारात पुतळ्यासारखे उभे राहू नका. संमतीचा कागद आणा. कोरा. त्यात काही भरू नका."

मी कागद आणला. सासूने तो माझ्या हातातून घेतला आणि छातीशी धरला.

"मुलगा आल्याशिवाय सही नाही. तो परवा येतोय."

"परवा कशाला येतोय?" बाई म्हणाल्या. "खांदा द्यायला?"

"तोंड सांभाळा! माझ्या घरचं माणूस आहे ते."

"मग सोडा तो कागद. पोट हिचं, सही हिची."

"सासूबाई," काजवाली म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "द्या इकडे. काजं चुकली तर उसवता येतात. हे नाही येणार."

तिने झोपल्या-झोपल्या सही केली. पेन माझंच होतं.

दार बंद झालं. बाहेर बाकावर सासू, समोर मी. तिला माझा अपराध अजून नीट कळला नव्हता. कळल्यावर ती काय म्हणेल याची मी वाट बघत होतो. चाळीस मिनिटांनी आतून अगदी बारीक, मांजरीसारखा आवाज आला आणि थांबला. मग बराच वेळ काही नाही. रक्ताच्या पिशव्यांची पेटी घेऊन माणूस आला, आत गेला, पुन्हा दुसरी पेटी आली. सासूने पिशवीतले कागद बाहेर काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा घड्या घातल्या.

शेवटी बाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत बाह्या भिजलेल्या.

"मुलगी आहे. एक किलो आठशे. दीड महिना आधी आलीये, श्वास घ्यायचा कंटाळा करतेय, काचेच्या पेटीत ठेवलीये. आईला पाच पिशव्या रक्त चढलं. वार सुटल्यावर ती जागा आकसायला तयार नव्हती. पिशवीच काढायची तयारी झाली होती, टाक्यांवर भागलं. जगेल असं दिसतंय. आत्ता एवढंच."

"मुलगी का," सासू म्हणाली.

"का, परत घालायची?"

सासूने मांडीवरचे कागद तसेच पिशवीत कोंबले.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. एवढ्या वर्षांची सोबत म्हणून बाई मला सांभाळून घेतील अशी आशा मी केली नव्हती, आणि त्यांनीही तसलं काही केलं नाही. अधीक्षकांनी प्रश्न पूर्ण करायच्या आत त्या बोलल्या.

"महिनाभर मी 'खाली' हा शब्द रिकामं या अर्थाने लिहीत होते. त्या दिवशी तोच शब्द दुसऱ्या अर्थाने लिहिला. आख्खं वाक्य लिहायला हवं होतं, दोन शब्द लिहिले. ही माझी चूक. ते दोन शब्द न विचारता खोडले, ही यांची. आणि खोडलेलं काय आहे ते कोणी वाचलं नाही, ही बाकी सगळ्यांची. डॉक्टरसुद्धा धरून."

बदली डॉक्टर म्हणाले, "माझं बोट आत गेलं असतं तर तिला थिएटरपर्यंत नेता आलं नसतं. हे लिहून घ्या." ते लिहून घेतलं गेलं. मला, बाईंना आणि त्या दुसऱ्या परिचारिकेला लेखी ताकीद मिळाली. 'वार' हा रकाना कार्डावरून काढून 'तपासणीचा दिवस' असं छापायचं ठरलं, आणि समासात शेरे मारायला बंदी झाली.

बाहेर आल्यावर मी बाईंना गाठलं. "सिस्टर, झालं ते—"

"माफी मागायला आलात? मला कशाला? माझं रक्त नाही गेलं. ती वर आहे, दुसऱ्या खाटेवर."

"ती अजून अशक्त आहे."

"तुमचं ऐकायला ताकद लागत नाही. जा."

मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. काजवाली उशीला टेकून बसली होती, ओठांना अजून रंग नव्हता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: शेरा काय होता, मी काय वाचलं, काय लिहिलं. तिने मध्ये तोंड घातलं नाही. मग ती त्या दिवशीचं बोलणं, बाईंचं नि तिचं, पहिल्यापासून सांगत गेली, जणू मी ते ऐकलंच पाहिजे. शेवटी म्हणाली, "तुम्ही सोमवार लिहिलंत, म्हणून सासूबाई म्हणाल्या, बघ, साधी केस आहे. म्हणून मी कामावर गेले. तीन आठवडे गठ्ठे उचलले मी."

"हो."

"मग? आता मी काय करू तुमच्या सांगण्याचं?"

मी खिशातलं पेन बाहेर काढलं आणि परत ठेवलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मला खाली पेटीपाशी जायचंय, तिला बघायला. तुमच्यासाठी वेळ नाही."

मुलगी पेटीत चोवीस दिवस होती. मधल्या काळात एकदा श्वास थांबला, एकदा कावीळ चढली. बाई दर पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पेटीपाशी जाऊन तिला दम भरायच्या, "श्वास घे गं, फुकट आहे." माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. कार्डं आता त्या आपटत नसत, ठेवत. मला ते जास्त लागायचं.

पंचविसाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. ट्रकवाला नवरा बाहेर उभा, बाईंनी सांगितलेल्या जागी, पिशवी घेऊन. बाई काजवालीला आणि सासूला घेऊन माझ्या खिडकीत आल्या.

"लिहा," मला म्हणाल्या. चौकशीच्या दिवसानंतरचा पहिला शब्द. "पूर्ण वाक्यात."

मी नवं कार्ड काढलं.

"या खेपेस वार गर्भाशयमुखावर होती. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली. पुढील गरोदरपणात वार पुन्हा खालच्या भागात, जुन्या टाक्यांच्या व्रणावर रुतण्याचा धोका आहे. पहिल्या महिन्यापासून..."

"पुढच्या वेळचं आत्ताच कशाला?" सासू म्हणाली. "तोंडातून बरं काही निघतच नाही का तुमच्या?"

"निघेल. तुम्ही निघाल्यावर."

"थांबा," काजवाली म्हणाली. "मला वाचून दाखवा."

मी वाचलं.

"गर्भाशयमुख, व्रण... हे माझ्या नवऱ्याला कळणार नाही. कारखान्यात चक्कर येऊन पडले तर तिथल्या बायकांना कळणार नाही. साधं लिहा."

मी बाईंकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "पोट तिचं आहे."

मी कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो: 'हिची वार मागच्या वेळी दाराशी होती. खूप रक्त गेलं. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या महिन्यातच मोठ्या दवाखान्यात न्या. रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी न्या. आतून तपासू देऊ नका.' ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवत गेली. 'दाराशी' या शब्दावर बाई काही म्हणतील असं वाटलं, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"आता सही करा," काजवाली मला म्हणाली. "तुमचं नाव लिहा खाली. वाचता येईल असं."

मी नाव लिहिलं. शाई वाळल्यावर सासूने हात पुढे केला आणि कापडी पिशवीचं तोंड उघडलं. "आण, नीट ठेवते."

काजवालीने कार्डाची घडी घातली आणि स्वतःच्या कपड्याच्या आतल्या खिशात सरकवली. मग बाळ सासूच्या पुढे केलेल्या हातात दिलं.

"मान!" बाई ओरडल्या. "मान धरा तिची!"

"मला शिकवू नका."

"धरा म्हणते ना!"

सासूने धरली.